ह्यांच्या कोटाचा वास

नवरा गेला तेव्हा त्याचा वास घरातच मागे राहिला होता. मग तोही निघाला. एकदम नाही निघाला. पाहुणा जसा दाराशी घुटमळतो, चपलेत पाय घालतो, काहीतरी आठवून पुन्हा आत डोकावतो, तसा रेंगाळत गेला. आधी टॉवेलातून गेला. मग उशीतून. मग आरामखुर्चीच्या पाठीतून, जिथे डोकं टेकून टेकून कापड काळपट झालं होतं. ती सकाळी उठून एकेक जागा हुंगत फिरे. आपल्याच घरात, आपणच चोरासारखी.

तो कॅमेरे दुरुस्त करायचा. मागची छोटी खोली त्याची. खिडकीशी लाकडी टेबल, टेबलावर दिवा, आणि दिव्याखाली आयुष्यभर वाकलेली एक पाठ. लेन्सवरची बुरशी, बारीक पात्यांवर चिकटलेलं जुनं तेल, सगळं तो एका पत्र्याच्या डब्यातल्या अल्कोहोलने पुसायचा. त्याचा वास बोटांना, बाहीला, मिशीला. थंड, धारदार वास. नाकातून आत शिरला की थेट कपाळाला जाऊन टेकणारा. जेवायला तो बाहेर आला की आधी वास यायचा, मागून माणूस. ताटाशी बसता बसता तिच्या खांद्यावर क्षणभर हात टेकायचा. बोलायचा कमी. बोलायचं कामही त्याने त्या वासावरच सोपवलं होतं, आणि वास ते काम इमानेइतबारे करायचा.

ती स्वतः लाँड्रीत इस्तरीला होती. हॉटेलांच्या चादरी, डॉक्टरांचे डगले, कुणाकुणाच्या नव्या नोकरीचे शर्ट, सगळे तिच्या हाताखालून गेले. आता पाय साथ देत नव्हते म्हणून घरी बसली होती. हात मात्र अजून कुठलंही कापड दिसलं की आपोआप त्याच्या सुरकुत्या चाचपायचे.

लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका दवाखान्यात नर्स. ड्यूटीवर निघताना रोज फोन करायची.

"जेवलीस का?"

"जेवले."

"काय जेवलीस?"

"पोलीस आहेस का गं टिटवे?"

लहानपणी अखंड टिवटिव करायची म्हणून बापाने ठेवलेलं नाव. आता लेकीच्या कानशिलावर पांढरे केस दिसू लागले होते, तरी नाव काही मोठं झालं नव्हतं.

"आई, ये ना इकडे. आतली खोली रिकामीच पडलीय माझ्याकडे."

"बघू."

"बघू बघू करत तू अशीच दिवस काढशील. काय आहे तिथे एकटीने?"

काय आहे, ते तिला सांगता येईना. तुझ्या बापाचा वास आहे, असं म्हटलं असतं तर लेक हसली नसती, हे तिला ठाऊक होतं. रडली असती. आणि रडतच ड्यूटीवर गेली असती. मग ती म्हणायची, "झाडांना पाणी कोण घालणार?" घरात झाडं दोन, त्यातलं एक वाळलेलं.

पण खरं तेवढंच होतं. वास आहे तोवर ती इथे कुणापाशी तरी राहत होती. वास संपला, की ती नुसती चार भिंतींत राहणार. आणि चार भिंती काय, लेकीकडेही होत्याच.

एके दिवशी तिने मागची खोली झाडायला घेतली आणि वरच्या फळीवर तो डबा दिसला. स्टुलावर चढून तिने तो खाली घेतला. जड होता, जवळजवळ भरलेला. कागदी चिठ्ठीवर 'नव्व्याण्णव टक्के शुद्ध' असं छापलेलं आणि त्याखाली लाल चौकोनात ज्वाळेचं चित्र. चित्राकडे तिने पाहिलं आणि सोडून दिलं. चित्रं काय, औषधाच्या बाटलीवरही असतात.

झाकण फिरवलं, आणि खोलीत तो आला.

ती टेबलाला धरून उभी राहिली. डोळे मिटले. कपाळाला तो ओळखीचा थंड स्पर्श झाला. "आलात?" ती म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून दचकली. घरात किती दिवसांत, फोन सोडून, कुणी बोललंच नव्हतं.

त्या दिवशी तिने नुसता वास घेतला. दुसऱ्या दिवशी वाटलं, नुसता डबा उघडून हुंगत बसणं बरं नाही. कुणी पाहिलं तर म्हणेल, बाईचं डोकं फिरलं. काहीतरी निमित्त हवं. तिने फडकं घेतलं, डबा त्यावर कलंडवला आणि त्याचं टेबल पुसलं. मग दिव्याचा दांडा. मग दाराची कडी, जिच्यावर त्याचा हात रोज पडायचा. मग आरसा, फोन, फ्रीजचं दार, विजेची बटणं. सगळं लखलखलं. घर एखाद्या नव्या भांड्यासारखं झालं आणि त्या भांड्यात तो भरून राहिला.

पण तो टिकेना. हातावर थेंब पडला तर बघता बघता नाहीसा व्हायचा, मागे नुसता गारवा. पुसलेलं टेबल फडकं उचलायच्या आत कोरडं. जेवायला बसेपर्यंत घरातून वास उडालेला असायचा. म्हणून तिने खिडक्या लावून घेतल्या. सवयीनेच लावल्या म्हणा ना; लाँड्रीत ओल्या कपड्यांवर धूळ बसू नये म्हणून खिडक्या लावूनच काम चालायचं. दाराखालच्या फटीलाही तिने जुनी चादर गुंडाळून लावली. आणि फडकं जास्त भिजवू लागली.

डोकं दुखायचं. स्टुलावरून उतरताना घर थोडं कलल्यासारखं व्हायचं. एकदा मोरीच्या भिंतीला धरून बराच वेळ उभं राहावं लागलं. बोटांची कातडी पांढरी पडून चिरत चालली. चिरेत थेंब गेला की डोळ्यांत पाणी यायचं. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. माणूस गेल्यावर डोकं दुखणारच. चक्कर येणारच. डोळ्यांत पाणी तर येणारच.

*

गल्लीच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा बसायचा. सगळे त्याला घड्याळजी म्हणत. नवऱ्याचा जुना सोबती. दोघे एकमेकांच्या हत्यारांवर डोळा ठेवून मैत्री करणारे. एका दुपारी तो बारीक चिमटा मागायला वर आला आणि जिन्यातूनच ओरडला, "वहिनी! आत ऑपरेशन चाललंय की काय? पेशंट वाचला का?"

"या, बसा. जास्त बोलू नका."

"बसतो. पण आधी श्वास घेऊ द्या." तो आत आला आणि डोळे चोळत सरळ खिडकीकडे गेला. कडी काढली. बाहेरचा आवाज, ऊन, कुणाच्या तरी स्वयंपाकातला कांद्याचा वास, सगळं एकदम आत आलं. तिला वाटलं, कुणी आपल्या अंगावरचं पांघरूण ओढून घेतलं.

"लावा ती खिडकी."

"वहिनी, तुम्ही काय त्याच्या डब्याने घर पुसताय?"

"पुसते. स्वच्छ होतं."

"स्वच्छ होतं? तो त्या डब्यातून ड्रॉपरने थेंब काढायचा, थेंब! तोही खिडकी सताड उघडून. मी एकदा इथे बसून विडी काढली खिशातून, तर माझ्या हातातून अशी हिसकावून घेतली. आयुष्यात त्या माणसाचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला."

हे तिला ठाऊक नव्हतं. मागच्या खोलीचं दार तो काम करताना लोटून घ्यायचा. धूळ नको म्हणून. त्या दाराआडची खिडकी उघडी असते की बंद, तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिच्याकडे यायचा तो नुसता वास.

"ही वाफ डोळ्यांना दिसत नाही," घड्याळजी म्हणाला, "पण असते. खाली बसते, कोपऱ्यात साठते. नुसतं बटण दाबलं तरी ठिणगी पडायला पुरे. डबा मला द्या. दुकानात वापरेन हळूहळू."

"नको."

"अहो, फुकट नाही मागत, बदल्यात रोज टाइम सांगत जाईन."

एरवी ती हसली असती. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली, तसा तो वळला. चिमटा घ्यायला टेबलाशी गेला आणि तिथेच थबकला. टेबलावर हात फिरवला.

"वहिनी, ह्याचं पॉलिश गेलं की."

"कुठे गेलं?"

"हे काय. जुनं लाखेचं पॉलिश होतं. अल्कोहोल लागलं की विरघळतं ते. बघा, लाकूड कसं उघडं पडलंय."

तो चिमटा घेऊन गेला. जाताना दारात म्हणाला, "खिडकी उघडी ठेवा. रागावा हवं तर माझ्यावर." ती रागावलीच. तो जिना उतरायच्या आत तिने खिडकी लावली.

मग ती टेबलापाशी आली. टेबलाच्या डाव्या कडेला त्याचं मनगट टेकून टेकून एक खूण पडली होती. गडद, गुळगुळीत, तळहाताएवढी. लेक लहान असताना त्या खुणेवर आपलं मनगट ठेवून 'मी बाबा झाले' म्हणायची. आता तिथे फिकट, खरबरीत, कोरं लाकूड होतं. तिने कोपऱ्यातल्या बादलीतली फडकी काढून पाहिली. सगळी तपकिरी, चिकट. रोज एकेक थर निघून येत होता आणि ती म्हणत होती, बाई, किती मळ हा.

ती खाली फरशीवरच बसली. फडकं नाकाशी नेलं. त्यात लाखेचा वास होता, अल्कोहोलचा होता. ज्याला शोधायचं होतं तो नव्हता. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तिला कबूल करावं लागलं की तो त्या डब्यातही नव्हता. पहिल्या दिवशी आला होता, की तसा भास झाला होता, कोण जाणे. त्याच्या वासात मशीनचं तेल होतं, कॅमेऱ्याच्या जुन्या चामड्याचा वास होता, दिव्याखाली आलेला घाम होता, खिशात विसरलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या होत्या. डब्यातलं नव्व्याण्णव टक्के शुद्ध होतं. इतकं शुद्ध, की त्यात माणूसच नव्हता.

*

राहिला होता फक्त कोट.

कामावर घालायचा जाड राखाडी कोट, खोलीच्या दारामागे खिळ्याला. तो गेल्यापासून तिने त्याला पाणी लावलं नव्हतं. बाह्यांवर तेलाचे डाग, खिशाच्या कडेला चामड्याची पूड, काखेत घामाची पांढरी रेघ. पण वास नाही. तिने चेहरा आत खुपसून पाहिला. सुकलेला, धुळीचा, परक्या कापडाचा वास आला. त्याचं सगळं त्या कोटात होतं, फक्त ते उठून बोलत नव्हतं.

आणि तिला ते सुचलं. इतकं सरळ, की आधी कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. वाळलेल्या कपड्यातला वास पुन्हा कसा जागा करायचा, हे का इस्तरीवालीला कुणी शिकवायला हवं? ओलावा द्यायचा आणि ऊब द्यायची. दर रविवारी दुपारी ती हाच कोट घ्यायची, वाटीतून बोटांनी पाण्याचे शिंतोडे मारायची आणि गरम इस्तरी फिरवायची. पहिल्या हाताला कोटातून भपकन तो यायचा. अख्खाच्या अख्खा.

पाण्याने आता काय होणार? कोटात तेल होतं, चामडं होतं, घाम होता. कमी होतं ते एवढंच. तिने डब्यातलं अल्कोहोल वाटीत ओतलं.

इस्तरीच्या टेबलावर घोंगडी अंथरली, त्यावर चादर. कोट पसरला. इस्तरीचा प्लग लावला. खिडक्या पाहिल्या, लागलेल्या होत्या. दाराची फट पाहिली, बुजलेली होती. आज त्याला जायला वाट म्हणून ठेवायची नव्हती.

बोटं वाटीत बुडवून तिने शिंतोडे मारले. खांद्यावर, पाठीवर, बाह्यांवर. पाण्याचे थेंब कापडावर मण्यांसारखे दिसतात. हे दिसेनात, पडताक्षणी पसरून जायचे. म्हणून तिने ओंजळच शिंपडली. लाँड्रीत इस्तरीच्या तालावर ती पूर्वी काहीबाही गुणगुणायची. पाठ केलेलं नाही, हाताबरोबर सुचेल ते. कितीतरी दिवसांनी ओठांवर दोन ओळी आल्या.

बाहीवर ठेवी बाही, खांद्याला खांदा लावी
घातलेली घडी बाई, कुणी कशी मोडावी

इस्तरी तापली. ती तापली की आतून टक् असा आवाज यायचा, निवली की पुन्हा टक्. तिने ती उचलली आणि पाठीच्या मधोमध टेकवली.

आणि तो आला. खरंच आला. तेल, चामडं, घाम, पेपरमिंट, आणि सगळ्यांच्या कडेने तो धारदार गारवा. खांद्यावर हात पडावा इतका जवळ. तिने डोळे मिटले. इस्तरी एकदा फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली.

टक्.

आवाज मोठा झाला नाही. कुणी लांबून फुंकर मारावी तसा, फुप्, एवढाच. तिने डोळे उघडले तर काहीच दिसलं नाही. खिडकीच्या काचेतून ऊन येत होतं, कोट होता तसा होता. फक्त कोटावरची हवा उन्हाळ्यातल्या रस्त्यासारखी थरथरत होती. मग कॉलरची कड आपोआप तपकिरी झाली, काळी झाली, वळली. आणि तिच्या उजव्या हाताला काहीतरी चावलं. हाताकडे पाहिलं तेव्हा ओल्या बोटांवरून निळसर, पातळ, असून नसल्यासारखं काहीतरी धावताना दिसलं.

आग होती ती. उन्हात दिसत नव्हती एवढंच.

वाटीही पेटली होती. वाटीच्या तोंडावर निळं पाणी डुलावं तशी ज्वाळा, आणि जवळच डबा. झाकण लावलेलं होतं की नाही, ते आठवेना. एक क्षण ती तशीच उभी राहिली. पळावंसं वाटलं नाही. तिच्या मनात आलं ते भलतंच: हा वास अजून आहे, मी गेले तर जाईल.

मग हातांनीच निर्णय घेतला. लाँड्रीत नवीन आलेल्या पोरींना ती पहिल्या दिवशी सांगायची, कापड पेटलं तर झटकायचं नाही, झाकायचं. तिने हात पोटाशी साडीत दाबून विझवला. भिंतीवरचं बटण बंद केलं. वाटीवर ताटली पालथी घातली. टेबलावरच्या घोंगडीची दोन्ही टोकं धरून कोटावर दुमडली आणि त्यावर आडवी पडली. छातीखाली ऊब जाणवत होती. घोंगडी धुमसत होती, मग शांत होत गेली. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, बाई कुणाला तरी मिठी मारून निजलीय.

बऱ्याच वेळाने ती उठली. डब्याचं झाकण पाहिलं. लागलेलं होतं, अर्धवट.

तिने एक खिडकी उघडली. मग दुसरी. मग सगळ्या. दाराखालची चादर पायाने ओढून बाजूला केली आणि दार उघडं टाकलं. वारा घरातून असा गेला, जसा रिकाम्या घरातून जातो.

*

तिने स्वतःहून लेकीला फोन लावायची ही पहिलीच वेळ.

"आई? काय झालं?"

"काही नाही. जरा हात भाजलाय."

"किती? फोड आलाय? आधी नळाखाली धर. नुसतं पाणी, बर्फ नको, काही चोपडू नकोस. धरूनच ठेव. मी निघाले."

"ड्यूटी आहे ना तुझी?"

"आई, नळ!"

लेक आली तोवर ती मोरीत स्टुलावर बसून नळाखाली हात धरून होती. लेकीने हात पाहिला. बोटांवर फोड होते, खोल नव्हतं. पिशवीतून जाळी काढली, पट्टी काढली, आणि न बोलता बांधायला लागली. टिटवी बोलत नव्हती, म्हणजे भारी घाबरली होती. पट्टी बांधून झाल्यावर ती घरभर फिरली. वाटी, ताटली, घोंगडी, कोट, डबा. डब्याचं झाकण तिने घट्ट आवळलं आणि तो गॅलरीत सावलीला नेऊन ठेवला.

"हे मोरीत ओतायचं नाही. घड्याळकाकांना नेऊ दे." मग ती आईसमोर खाली बसली. "घर पुसायला नव्व्याण्णव टक्केवालं? मला विचारलं असतंस तर सांगितलं नसतं का? आम्ही दवाखान्यातसुद्धा हे असं नुसतं वापरत नाही. पाणी घातलेलं असतं त्यात. नुसतं असलं की उडून जातं, जंतू मारायच्या आतच. पाणी असलं की जरा थांबतं, तेव्हा कुठे त्याचं काम होतं. आणि खिडक्या? तू खिडक्या लावून..."

"घर पुसायला नव्हतं ते," आई म्हणाली.

लेक थांबली.

"तुझ्या बाबांचा वास गेला गं घरातून."

बोलून टाकलं, तेव्हा तिला वाटलं आता लेक रडेल. लेक रडली नाही. जमिनीकडे बघत बसली. मग म्हणाली, "बाबा गेले ना, त्यानंतर मी कामावर गेले तर मला स्पिरिटची बाटली उघडवेना. इंजेक्शनच्या आधी पुसायचं असतं ना, तेवढ्यासाठी. दुसऱ्या सिस्टरला म्हणायची, तू पूस, मी टोचते. तिला वाटलं, हिला ॲलर्जी झाली. अजून तसंच वाटतंय तिला."

"मला बोलली नाहीस कधी."

"तू बोललीस?"

रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाक मारत होतं.

"तिकडचा वास," आईने हळूच विचारलं, "त्यांच्यासारखा येतो का?"

लेकीने बराच विचार केला. खोटं बोलावं की खरं, असा असावा. "नाही गं आई," ती म्हणाली. "आधी वाटायचं येतो. पण नाही."

"इकडचाही नाही," आई म्हणाली.

लेकीने कोट उचलला. कॉलर जळून गेली होती, पाठीला मोठं भोक, कडा काळ्या. एक बाही धड होती. तिने तो गुंडाळायला घेतला, तशी आई म्हणाली, "टाकू नकोस. धुवायचाय."

"आता?"

"मग कधी? मळलाय किती बघ."

"आई, तुझ्या हाताला पट्टी आहे."

"तुझ्या हाताला नाही ना?"

मग लेकीने बाह्या सारल्या आणि मोरीत बादली भरली. आई स्टुलावर बसून सांगत होती. साबण आधी पाण्यात, मग कपडा. अगं, असं चोळू नकोस, भांडं घासतेस का ते? जळलेल्या कडेला हात लावू नकोस, विरेल. काखेत बोटं घाल. खिसे उलटे कर. नर्सबाईंना कपडा धुता येत नाही म्हणजे कमाल झाली.

"आमच्याकडे लाँड्री आहे," लेक म्हणाली.

"माहीत आहे. असल्या लाँड्र्या आम्ही पोसल्यात."

लेकीला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती रडली, आणि साबणाच्या हातांनी डोळे पुसायला गेली. "डोळ्यांत जाईल!" आई ओरडली आणि धड हाताने पदराने तिचे डोळे टिपले. बादलीतलं पाणी राखाडी झालं, मग तपकिरी, मग काळं. लेकीने ते ओतलं. दुसरं भरलं, तेही ओतलं. आई जाणाऱ्या पाण्याकडे बघत होती. तेल गेलं, चामडं गेलं. तिसरं पाणी जवळजवळ स्वच्छ निघालं.

"बास?" लेकीने विचारलं.

"बास."

कोट गॅलरीतल्या दोरीवर घातला. जाड कापड, पाणी धारेने गळत होतं. पाठीच्या भोकातून समोरच्या इमारतीची एक खिडकी दिसत होती. लेकीने घड्याळ पाहिलं. उशिरा का होईना, जावंच लागणार होतं. वॉर्डात कुणीतरी तिची वाट बघत ताटकळलं होतं.

"चल ना माझ्याबरोबर," ती दारात म्हणाली. या वेळी तिने 'काय आहे इथे' असं विचारलं नाही.

आईने गॅलरीकडे पाहिलं.

"कोट वाळला की येते."

"आई, तो इतका जाड आहे. दोन-तीन दिवस लागतील."

"लागू देत."

लेकीने मान हलवली. आईच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही, असं क्षणभर झालं. मग पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि जिना उतरून गेली. आईने दार लावलं नाही. वाऱ्याने ते अर्धं मिटत होतं, पुन्हा उघडत होतं. तिने गॅलरीत खुर्ची नेली आणि कोटाशेजारी बसली. कोटाला आता साबणाचा वास येत होता, कुठल्याही कोटाला येईल तसा. बाहीच्या टोकाशी पाणी जमायचं, जड व्हायचं, पडायचं. दुसरं जमायला लागायचं.